कर्ता नसलेली टंचाई

बुलढाणा जिल्ह्यात वीज, पाणी, खत आणि धान्य यांचा पुरवठा हंगामानुसार कमी-अधिक होत असला, तरी या वस्तू का मिळत नाहीत हे सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचा पुरवठा आजवर एकदाही खंडित झालेला नाही. घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या नांदुरा-संग्रामपूरपर्यंत तेराही तालुक्यांत तो सारख्याच दाबाने पोहोचतो, त्याला जलवाहिनी लागत नाही की रोहित्र लागत नाही, आणि त्याच्यासाठी रांगेत उभे राहण्याचीही गरज पडत नाही, कारण तो रांगेच्या शेवटी असलेल्या माणसालाच सर्वांत आधी मिळतो. ग्रामीण जनतेला इंग्रजी समजत नाही, ही विद्वानांची तक्रार या जिल्ह्याच्या अनुभवावर टिकत नाही. जो शब्द कानी पडताच निरक्षर माणूसही रिकामी पिशवी घडी करून घराकडे वळतो, तो शब्द दुर्बोध आहे असे कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला म्हणता येणार नाही.

टंचाईच्या या परिभाषेचा पाया कायद्यानेच घातलेला आहे. ब्रिटिश अमदानीत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता, म्हणजे पीक बुडाल्यास कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा काय करावे याची नियमपुस्तके, तयार झाली आणि त्यांत ‘स्केअर्सिटी’ व ‘फॅमिन’ अशा दोन पायऱ्या मानल्या गेल्या. पहिल्या पायरीवर रयत अडचणीत येत असे आणि दुसरीवर मरत असे, व वऱ्हाडाने १८९९-१९०० साली ही दुसरी पायरीही पाहिली. महाराष्ट्राने १९६३ साली एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला व त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ बसवला. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचते, म्हणून फॅमिन उद्भवण्यास वावच उरलेला नाही, असे त्याचे कारण देण्यात आले. पुढे नऊ वर्षांनी, १९७२ साली, लाखो माणसे खडी फोडण्यासाठी रस्त्यांवर आली तेव्हा ती कायद्याने ‘स्केअर्सिटी’च्याच कामावर होती, आणि त्यांच्यापैकी कोणी आपल्या भुकेला अन्य नावाने ओळखत असल्यास तो त्याचा वैयक्तिक गैरसमज होता.

विजेच्या क्षेत्रात ही परिभाषा पूर्णत्वास गेली. ‘लोडशेडिंग’ ही अभियंत्यांची संज्ञा आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की विद्युतजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली घसरू लागते आणि सबंध जाळे कोसळू नये म्हणून काही वाहिन्या बंद करून भार उतरवावा लागतो. या व्याख्येत यंत्रणा आपल्या अंगावरचे ओझे उतरवते, आणि ज्याच्या घरी अंधार होतो तो ग्राहक नसून ते ओझे असतो. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आल्यानंतरच्या काळात वीजहानी व वसुली यांच्या प्रमाणावरून वाहिन्यांचे ‘ए’ ते ‘जी’ असे गट पाडण्यात आले, त्यामुळे एखाद्याने स्वतःचे बिल वेळेवर भरलेले असले तरी शेजाऱ्यांच्या थकबाकीपायी त्याला अधिक तास अंधारात बसावे लागे, आणि या सामुदायिक शिक्षेला ‘ग्रुप’ असे स्नेहपूर्ण नाव होते. डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याचे आश्वासन दिले गेले. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा अपुरा पडला तेव्हा भारनियमन परत आले.

लोडशेडिंगच्या खालची परिभाषा अधिक सूक्ष्म आहे. ठरवून बंद केलेली वीज म्हणजे ‘शटडाऊन’, न ठरवता बंद पडलेली वीज म्हणजे ‘ब्रेकडाऊन’, आणि स्वतःहून जाऊन स्वतःहून येणारी व पुन्हा जाणारी वीज म्हणजे ‘ट्रिपिंग’. तिन्ही प्रकारांत पंप सारखाच बंद असतो, परंतु शास्त्रीय वर्गीकरणाचे मोल शेतातल्या परिणामावर मोजायचे नसते. पंपाला लागणारी ‘थ्री फेज’, म्हणजे तिन्ही तारांतून एकाच वेळी येणारी वीज, जेव्हा रात्रपाळीने दिली जाते तेव्हा हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी साप-विंचवांच्या सोबतीने बांधावर जागतो आणि “लाइन कवा येईन भौ?” असे विचारतो; या प्रश्नात कालवाचक शब्द असल्यामुळे तो परिभाषेच्या कक्षेबाहेर राहतो.

खताच्या बाबतीत पेरणीच्या तोंडावर ‘शॉर्टेज’ ही संज्ञा प्रचारात येते आणि तिचे स्पष्टीकरण ‘रॅक लागली नाही’ या वाक्याने, म्हणजे खताची मालगाडी धक्क्यावर आली नाही असे सांगून, केले जाते. ही टंचाई ‘लिंकिंग’ने दूर होते, युरिया किंवा डीएपी हवे असल्यास त्यासोबत दुकानात पडून असलेले दुसरे काही विकत घ्यावे लागते, आणि ते घेतल्याबरोबर न लागलेली रॅक मागच्या गोदामात लागलेली असल्याचे आढळते. केंद्र सरकारने मात्र २०१८ साली याहून सुसंस्कृत मार्ग शोधला. शेतकरी किलोने नव्हे तर गोणीने खत टाकतो, हे हेरून युरियाची गोणी ५० किलोंऐवजी ४५ किलोंची करण्यात आली व किंमतही त्याच प्रमाणात उतरवण्यात आली, जेणेकरून एकाही माणसाला कमी न वाटता सर्वांचा वापर कमी व्हावा.

धान्याचा प्रवास याच दिशेने आणखी पुढे गेला. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून गणल्या गेलेल्या १४ जिल्ह्यांत, ज्यांत बुलढाणा येतो, केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून २ रुपये किलोने गहू व ३ रुपये किलोने तांदूळ मिळत असे. धान्याचा पुरवठा थांबल्यावर २०२३ साली त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकण्याची ‘डीबीटी’, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण, योजना आली. धान्य गेले, हे सांगण्यासाठी लाभ आला असे म्हणता येणे, ही या परिभाषेची मोठीच सिद्धी मानावी लागेल. ज्यांचे धान्य अद्याप चालू आहे त्यांच्यासाठी दुकानातील ‘पॉस’ यंत्र, ‘सर्व्हर डाऊन’ आणि न उमटणारा ‘थम’ हे तीन आधार आहेत, आणि तिसऱ्यात तर दोष थेट खुरपे धरून झिजलेल्या अंगठ्याचाच निघतो.

अवर्षणासाठी २०१६ च्या केंद्रीय संहितेने ‘ट्रिगर’ नेमून दिले आहेत. पाऊस घटल्यास पहिला, जमिनीतील ओल, पेरा, पिकांचा हिरवेपणा इत्यादी निर्देशक घसरल्यास दुसरा, आणि त्यानंतर ‘ग्राउंड ट्रुथिंग’, म्हणजे उपग्रहाला दिसलेला दुष्काळ शेतालाही मान्य आहे काय याची प्रत्यक्ष पडताळणी. या क्रमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत या जिल्ह्यातील बुलढाणा आणि लोणार हे दोन होते. पुढच्याच महिन्यात राज्यातील १०२१ महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली, म्हणजे तेथे दुष्काळासारखे दिसणारे, परंतु दुष्काळ नसलेले, काहीतरी होते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भात पाणी असते पण क्षारांमुळे ते पिता येत नाही, म्हणून तेथे टंचाई म्हणता येत नाही आणि ‘क्वालिटी इश्यू’ म्हणावे लागते.

या सर्व संज्ञांचे समान लक्षण व्याकरणाच्या पुस्तकात सापडते. ‘उजाडले’, ‘सांजावले’ यांसारख्या ज्या क्रियापदांना वेगळा कर्ता नसतो त्यांना मराठी व्याकरणकार भावकर्तृक म्हणतात. निसर्गाच्या व शरीराच्या घटनांपुरता मर्यादित असलेला हा वर्ग इंग्रजीच्या साहाय्याने बराच विस्तारला आहे. शॉर्टेज होते, शटडाऊन असतो, सर्व्हर डाऊन होतो. कोणी काही तोडत, अडवत किंवा दडवत नाही. कोणी, किती, केव्हापर्यंत आणि कोणाऐवजी कोणाला, ही चार प्रकारची माहिती देणारे वाक्य इंग्रजीत रचता येतच नाही, असा समज यातून होण्याचा धोका आहे.

तो समज निराधार आहे, हे त्याच जिल्ह्यातील त्याच कार्यालयांचे कागद दाखवून देतात. वीजबिलावर ‘ड्यू डेट’ असते आणि तिच्यासमोर दिवस, महिना व वर्ष छापलेले असते. बँकेच्या नोटिशीत ‘ओव्हरड्यू’ रक्कम पैशांपर्यंत मोजलेली असते, आणि कर्ता तर नाव, गाव व गट क्रमांकासह हजर असतो. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, किंवा अल्प मुदतीच्या पिकांसाठीचे पीककर्ज दोन हंगाम थकले, की ते खाते ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक, ठरते. शेतकऱ्याकडून होणाऱ्या पुरवठ्यातील घट व्यक्त करण्यासाठी इंग्रजीत याहून स्पष्ट शब्द नाही, आणि ‘रॅक लागली नाही’ हे उत्तर त्या खिडकीवर स्वीकारले जात नाही. परिभाषा सुधारण्याची इच्छा असलेल्यांनी नवा शब्दकोश तयार करण्याचे कष्ट घेऊ नयेत. वसुलीचे इंग्रजी पुरवठ्याला लावावे, आणि ज्या वाहिनीने, गोदामाने किंवा नळयोजनेने सलग ९० दिवस आपला हप्ता चुकवला तिच्या प्रमुखाचे नाव ठळक अक्षरांत फलकावर लावावे.