भाऊ पिक्चर पाहून आले

यवतमाळात आर्णी रोडवरच्या एखाद्या पानठेल्यावर सकाळी साडेनऊच्या सुमारास उभं राहावं. खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घासत असलेला एक गृहस्थ तिथं असतोच. सुपारी, चुना, तंबाखू एकजीव होईपर्यंत तो तोंडातून शब्द काढत नाही. भोवतालचे लोकही घाई करत नाहीत. पन्नीला शेवटची चापट बसते, चिमूट गालात जाते आणि मग निकाल लागतो.

"पायला ना बा. जमला नाई."

हे भाऊ. दारव्ह्यात ते पतसंस्थेत असतात, पुसदला कृषी केंद्र चालवतात, वणीत विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारतात, उमरखेडला नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले असतात. जिल्ह्यात तालुके १६ आणि भाऊ प्रत्येकात किमान एक. आदल्या रात्री जो कुठला पिक्चर पाहिला असेल त्यावर सकाळी मत देणं हे त्यांचं व्रत आहे. कधी कधी पिक्चर पाहायचा राहून जातो, मत राहत नाही.

कौटुंबिक पिक्चरांना ते फार वेळ देत नाहीत. 'बाईपण भारी देवा' तीन शब्दांत संपला : "बायकाईचा आहे तो." (टॉकीजमध्ये वहिनींच्या शेजारी बसून भाऊच रुमाल शोधत होते, ही माहिती वहिनींकडून मिळते.) 'झुंड'मधली पोरं बोलायला लागली तेव्हा भाऊ खुर्चीत पुढं सरकले, "आपल्यासारखं बोलून राहिले ना!" आणि मध्यंतरापर्यंत त्यांनी दुरुस्तीही केली की ते नागपुरी आहे, आपलं नव्हे. पण भाऊंची खरी कळी खुलते ती पडद्यावर तलवार निघाली की. ऐतिहासिक पिक्चर लागला की त्या आठवड्यात युरियाचा भाव, कापसाचा हमीभाव, सगळं मागं पडतं.

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. भाऊंनी तिसऱ्या दिवशी पाहिला आणि चौथ्या दिवशी सुनावणी ठेवली. "विकी कौशलनं मेहनत केली, नाई म्हनत नाई. पन संभाजीराजे असे नव्हते."

"मग कसे होते भाऊ?" ठेलेवाल्यानं कातरी थांबवून विचारलं.

"काहून, तू 'स्वराज्यरक्षक संभाजी' नाई पायलं काय?"

वाद तिथंच संपला. भाऊंच्या लेखी पिक्चर हा इतिहासाशी ताडून पाहायचा असतो आणि इतिहास म्हणजे आधी पाहिलेली मालिका. झी मराठीवर २०१७ ते २०२० अमोल कोल्हे संभाजीराजे होते, म्हणून संभाजीराजे तसे होते. हेच कोल्हे २००८ मध्ये स्टार प्रवाहवर शिवाजी महाराज होते. बाप आणि लेक एकाच चेहऱ्याचे असायला भाऊंची हरकत नाही. उलट घराण्याचं साम्य म्हणून ते त्याकडं पाहतात. २०१९ मध्ये तोच चेहरा शिरूरहून लोकसभेत गेला, तेव्हा पक्ष कोणता हे न विचारता भाऊंनी मान डोलावली. स्वराज्य झालं, आता दिल्ली. क्रमानंच चाललं होतं.

अडचण येते ती बाकीच्या नटांची. 'पावनखिंड'मध्ये अजय पूरकर बाजीप्रभू झाले आणि खिंड लढवून पडले. भाऊ हळहळले. पुढच्या वर्षी 'सुभेदार'मध्ये तेच तानाजी होऊन सिंहगड चढायला आले. घोडखिंडीची लढाई १६६० ची, सिंहगडाची १६७० ची. दहा वर्षांनी एक माणूस दुसऱ्यांदा वीरमरण पत्करतो, हे भाऊंना जरा जड गेलं. शरद केळकर 'तान्हाजी'त महाराज होते, ते 'हर हर महादेव'मध्ये बाजीप्रभू झाले. भाऊ म्हणाले, पदावनती झाली. सगळ्यात मोठा धक्का चिन्मय मांडलेकरांनी दिला. 'पावनखिंड' १८ फेब्रुवारी २०२२ चा. त्यातल्या महाराजांना मनोमन मुजरा करून तीन आठवडे होतात न होतात तोच ११ मार्चला 'द काश्मीर फाइल्स' लागला, आणि त्यात हातात बंदूक घेतलेला अतिरेकी म्हणून तोच माणूस! भाऊ त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. वहिनींच्या मते समोसे जास्त झाले होते.

हा आजार भाऊंपासून सुरू झालेला नाही. त्यांच्या वडिलांचे शिवाजी महाराज भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'तले, म्हणजे चंद्रकांत. त्यानंतर जो कोणी जिरेटोप घालून आला तो त्यांना तोतयाच वाटला. काकांचे संभाजीराजे म्हणजे वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधले काशिनाथ घाणेकर. आणि त्याही आधीच्या पिढ्यांना नाटक-सिनेमानं जो संभाजी दाखवला तो बराचसा बाईच्या आणि बाटलीच्या नादी लागलेला होता. वा. सी. बेंद्रे यांनी उभं आयुष्य कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये संभाजीराजांचं चरित्र सिद्ध केलं आणि तो डाग पुसायला घेतला. मग नाटककार, कादंबरीकार पुढं सरसावले. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' आली, आणि तिच्यावरूनच आताचा पिक्चर. भाऊंनी बेंद्रे वाचलेले नाहीत. कादंबरीही पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर उशाएवढी जाड दिसली म्हणून फक्त हातात घेऊन ठेवून दिली. पण 'छावा' पाहताना त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं त्याला त्या चरित्राची काही किंमत लागलेली आहे. भाऊंना हे ऐकवून उपयोग नाही, ते म्हणतील, "बेंद्रे? कोन्त्या सीरियलमध्ये होते?"

भाऊंच्या भावना दुखावतात. लवकर दुखावतात, आणि बऱ्याही लवकर होतात. 'बाजीराव मस्तानी' २०१५ मध्ये आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी मिळून 'पिंगा' घालतात म्हणून पुण्यात पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. इकडं भाऊंनीही घेतली. "पेशवीनबाई अशी नाचन काय?" दोन महिन्यांनी घाटंजीला चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात हळदीच्या रात्री दोघी जावा त्याच गाण्यावर नाचल्या. मोबाइलवर शूटिंग भाऊंचं होतं; मागून "जरा इकडं वळा ना वहिनी" हा आवाजही त्यात स्पष्ट आला आहे. 'छावा'च्या ट्रेलरमध्ये राजे लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ झाला, तेव्हा भाऊ दोन दिवस "काढाच तो सीन" म्हणत होते. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो काढला. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "लेझीम आपली कला हाये ना बा. काढला काहून?" मग पिक्चर करमुक्त करा, अशी त्यांची मागणी सुरू झाली. मध्य प्रदेशानं केला, गोव्यानं केला, आपलं सरकार झोपलं काय? राज्यात करमणूक करच २०१७ पासून उरलेला नाही, हे त्यांना मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवरून सांगितलं. भाऊंनी चॅनेल बदललं.

अर्थात भाऊंना एकट्यांना हसण्यात अर्थ नाही. 'छावा'त मराठे बुऱ्हाणपूर लुटतात. पिक्चर लागल्यावर तीनच आठवड्यांत त्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याशी, गावकरी रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणायला लागले. मोगलांची सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली होती. पोलिसांना जावं लागलं. ही बातमी ठेल्यावर वाचली गेली तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "इथून किती लांब पडते ते?"

भाऊंची भाची अमरावतीला इतिहासात एम.ए. करते. दिवाळीत ती घरी आली की भाऊ ठेल्यावर जरा उशिरापर्यंत बसतात. 'तान्हाजी'तली ती अवाढव्य तोफ कुठल्याच कागदात नाही, हे तिनं जेवताना सांगितलं. भाऊंनी सोडून दिलं. सैफ अली खाननंही पिक्चर लागल्यावर मुलाखतीत असंच काहीसं म्हटलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. पण भाची थांबली नाही. "मामा, सिंहगड हे नावसुद्धा तानाजींच्या आधीपासूनचं आहे. महाराजांच्या पत्रात येतं." भाऊंचा घास हातातच राहिला. 'गड आला पण सिंह गेला' हे लहानपणापासून पाठ केलेलं वाक्य, शाळेच्या गॅदरिंगमध्ये खोटी मिशी लावून म्हटलेलं, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळालेला. "तुमच्या विद्यापीठात ह्येच शिकवतेत काय?" एवढंच ते म्हणाले. डबा अजून वहिनींच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात हळद असते.

'पानिपत' भाऊंना मुळीच आवडला नाही. आशुतोष गोवारीकरांनी एवढा खर्च केला आणि शेवटी आपण हरलोच. "बदलता आला असता शेवट." मग नागपूरकर भोसले कुठं होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला, आणि भाचीनं सांगितलं की १४ जानेवारी १७६१ ला जानोजी भोसले पानिपतावर नव्हतेच. भाऊंना हे लागलं. पुणे-साताऱ्याकडचा प्रत्येक गड एकेका पिक्चरमध्ये येऊन गेला. वऱ्हाड कुणी दाखवत नाही, ही त्यांची तक्रार जुनी आहे. आणि इथं, मला वाटतं, भाऊ बरोबर आहेत. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावात नागपूरकरांची फौज आर्थर वेलस्लीशी लढली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूवर नेपोलियनसमोर उभा राहिला. भाचीनं हे सांगितल्यावर भाऊंच्या अंगावर काटा आला. "नेपोलियनले हरवनारा मानूस अडगावले येऊन गेला?" दुसऱ्या दिवशी ठेल्यावर सगळा पिक्चर तयार होता. वेलस्लीच्या कामाला 'लगान'मधला तो माजोरडा कॅप्टन, भोसल्यांकडून कोण यावर दोन चहा झाले, गाविलगडाच्या बुरजावरून ड्रोनचा शॉट. मग कुणीतरी विचारलं की गड शेवटी कुणाला मिळाला. भाऊंनी पन्नी खिशात घातली. "हरलो काय आपन? मग नोको."

वऱ्हाडावर म्हणावा असा एक पिक्चर मात्र आला, म्हणजे यवतमाळात तरी सगळ्यांनी तो आपलाच धरला. जून २०२१ मध्ये घरबसल्या मोबाइलवर आलेला, विद्या बालनचा 'शेरनी'. नरभक्षक ठरवलेली वाघीण, तिचे दोन बछडे, वनखातं, शिकारी. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात अवनी वाघिणीनं काढलेली दोन वर्षं कुणी विसरलेलं नव्हतं. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. तिला शोधायला हत्ती आले, कुत्री आली, आकाशातून पाहायला पॅराग्लायडर आलं, वास लागून ती जवळ यावी म्हणून महागडा विदेशी परफ्यूम शिंपडायचं ठरलं. एखाद्या पिक्चरात हे दाखवलं असतं तर भाऊ पहिले म्हणाले असते, "फेकून राहिला."

वहिनींचं माहेर राळेगावकडचं. त्या दोन हंगामांत त्यांच्या वहिन्या कापूस वेचायला घोळक्यानं जायच्या आणि बांधावर काठ्या घेऊन माणसं उभी असायची. एरवी वहिनी पिक्चरला बसल्या की अर्ध्या तासात घोरतात. 'शेरनी' त्यांनी पलंगावर टेकून, मोबाइल हातात धरून, शेवटपर्यंत पाहिला. भाऊ मधेमधे माहिती देत होते : शूटिंग मध्य प्रदेशातलं आहे, ती खाण तांब्याची दाखवली, आपल्याकडं वणीला कोळसा असते. वहिनींनी एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नाही. संपल्यावर मोबाइल चार्जिंगला लावला आणि म्हणाल्या, "कापूस कुठी होता यात?"

सकाळी साडेनऊला ठेल्यावर पन्नी घासून झाली. शेवटची चापट बसली. सगळे वाट पाहत होते.

"तसा बरा हाये," भाऊ म्हणाले. "पन यवतमाळचं जंगल दाखवता अन् कापूस नाई दाखवत? म्या तर रात्रीच म्हटलं वहिनीले तुमच्या."