प्रवेश विनामूल्य, काही रांगा राखीव

फुकट मिळणारं ज्ञान हा समाजाला मोठा धोका आहे. आपल्या गावोगावच्या व्याख्यानमालांच्या आयोजकांनी तो ज्या कौशल्याने आटोक्यात ठेवला आहे, त्याबद्दल त्यांचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा. त्यांना सत्कार करायची सवय आहेच, करून घ्यायचीही लागेल.

धोका कसला, असं काही भाबडे लोक विचारतात. समजा, एखाद्या विषयातलं खरोखर कळणारा माणूस गावात आला, तासभर नीट बोलला आणि दोनशे माणसांनी ते नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी हीच माणसं सोसायटीच्या सभेत जमाखर्चाचे कागद मागतील. सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशाला ‘हे कुठे छापून आलंय?’ असं उलट विचारतील. प्राचीन काळी आपल्याकडे विमानं होती म्हणणाऱ्या काकांना इंधन कोणतं होतं ते विचारतील. घराघरांतली शांतता जाईल.

पुणेकरांना हे फार लवकर कळलं होतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्यात लोकांनी आंबे खावेत, दुपारी झोपावं, ते सोडून त्यांना व्याख्यानाला बोलावणं हाच मुळात आगाऊपणा. त्याच वर्षी रानड्यांच्या पुढाकाराने स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांची व्याख्यानं झाली. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो हाच वाडा. त्या वास्तूला खोडच वाईट होती. शेवटी स्वामींची मिरवणूक निघाली, तीत रानडेही होते आणि जोतीराव फुलेही. विरोधकांनी मग एक गाढव सजवलं, त्याचं ‘गर्दभानंद’ असं नामकरण केलं आणि त्याचीही मिरवणूक काढली. चिखलफेक झाली, ती आजच्यासारखी शाब्दिक नव्हे, खऱ्या चिखलाची.

हेतू चांगला होता, पण पद्धत कच्ची. गाढव आणा, सजवा, सांभाळा, पोलिसांना तोंड द्या. आणि एवढं करून ज्याच्यावर चिखल उडाला त्याचंच नाव दीडशे वर्षं टिकतं. या दीडशे वर्षांत आपण बरीच प्रगती केली आहे. व्याख्यान निष्प्रभ करायला आता गाढव लागत नाही. शाल पुरते.

ही पद्धत मी जवळून पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी थक्क झालो आहे. व्याख्यान सहाचं असतं. सव्वासहापर्यंत ‘श्रोते येतच आहेत’ असं सांगून आलेल्या श्रोत्यांना शिक्षा दिली जाते. मग दीपप्रज्वलन. पंख्याखाली समई पेटत नाही म्हणून पंखा बंद होतो, समई पेटते, पंखा सुरू होतो, समई विझते. एक वात एका मान्यवराला, दुसरी दुसऱ्याला, आणि तिसरी कुणाला यावरून नजरानजर होते. स्वागतगीतात पाहुण्यांना ऋतुराजापासून ज्ञानसूर्यापर्यंत सगळं म्हणून होतं. मग प्रास्ताविक. ते करणारे गृहस्थ संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात करतात, आणि संस्था जुनी असते. प्रायोजक पतसंस्थेचे अध्यक्ष ठेवींच्या व्याजदरासह मनोगत मांडतात. ‘मी दोनच मिनिटं घेणार आहे’ हे वाक्य मराठीत कुणी खरं करून दाखवल्याची नोंद माझ्याकडे नाही.

मग वक्त्याचा परिचय. हा मला विशेष आवडतो. वक्त्याने स्वतःबद्दलचा दीड पानी कागद आधीच पाठवलेला असतो. तो वाचणाऱ्याने तो त्याच क्षणी पहिल्यांदा पाहिलेला असतो. शोधनिबंधांची नावं, परदेशी विद्यापीठांची नावं, पुरस्कार, सगळं धडपडत पार पडतं आणि शेवटी ‘अशा या व्यक्तिमत्त्वाला परिचयाची गरज नाही’ असं जाहीर होतं. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. छायाचित्रकार म्हणतो, ‘सर, परत एकदा.’ शाल काढून परत घातली जाते. वक्ता अखेर माईकपाशी पोहोचतो तेव्हा सव्वासात होऊन गेलेले असतात आणि निवेदक कानाशी येऊन सांगतो, ‘सर, जरा आटोपतं घ्या, आठला सभागृह रिकामं करायचंय.’

माणूस आयुष्यभर ज्वालामुखीवर काम करून आलेला असतो. तो अर्ध्या तासात पृथ्वीच्या कवचापर्यंत पोहोचतो आणि तिथेच थांबतो.

एखादा चिवट वक्ता एवढ्यातूनही काही सांगून जाऊ शकतो. त्याच्यासाठी प्रश्नोत्तरं ठेवलेली असतात. माईक फिरतो आणि ठरलेल्या गृहस्थांच्या हातात जाऊन थांबतो. ‘माझा प्रश्न नाही, मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं सांगून ते स्वतःच्या नोकरीतल्या बदल्यांपासून सुरुवात करतात. खरा प्रश्न असलेली एखादी अकरावीतली मुलगी मागे हात वर करून उभी असते. तिला निवेदक प्रेमाने सांगतो, ‘वेळेअभावी इथेच थांबू या.’ आभारांना मात्र वेळेचा अभाव नसतो. त्यात मंडपवाल्यापासून पोलीस खात्यापर्यंत सगळे येतात.

बसण्याची व्यवस्थाही विचारपूर्वक असते. निमंत्रणपत्रिकेवर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: प्रवेश विनामूल्य, काही रांगा राखीव. त्या रांगा कुणासाठी राखीव हे आजवर कळलेलं नाही, कारण तिथे कुणी बसत नाही. ऐकायला आलेले लोक पाचव्या रांगेपासून मागे. वक्ता रिकाम्या सोफ्यांना पाहून बोलतो आणि सोफे फार चांगले ऐकतात.

असं असूनही काही ठिकाणी शिस्त मोडली जाते, आणि मला काळजी त्यांचीच वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय?’ नावाचा उद्योग सुरू केला. रविवारी सकाळी, जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या ठिकाणी, प्रवेश फुकट. शास्त्रज्ञ समोर येतो, बोलतो, कुणीही मध्येच विचारतो, तो उत्तर देतो. भाषण संपेपर्यंत गप्प बसण्याची सभ्य परंपरा तिथे पाळली जात नाही. नाशिकमध्येही गोदाघाटावर उघड्या पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. उघड्या पटांगणाला दार नसतं, त्यामुळे नुसता फिरायला आलेला माणूसही थबकून ऐकू शकतो. ही सुरक्षेतली त्रुटी आहे.

सगळ्यात गंभीर प्रकार पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत झाला. तिथे शाळेतल्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं आणि प्रयोग ठेवण्याची पद्धत पडली. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मुलं स्वतःहून भौतिकशास्त्र ऐकायला जाणार. संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर तर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की तुमचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. सही हवी असेल तर आधी प्रश्न सुचायला हवा, ही अट किती जाचक आहे ते पाहा. सेल्फी आल्यापासून मुलांची त्यातून सुटका झाली.

आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांनी तर २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमात अख्खे अभ्यासक्रम मोफत ठेवले आहेत. मात्र तिथल्या लोकांना व्यवहार कळतो. ऐकणं फुकट आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. शिकलेलं डोक्यात राहिलं तर ते भिंतीवर टांगता येत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्याकडे तर आयआयटीत जाण्यासाठी लाखांची फी भरून मुलाला क्लासला घालणारे वडील, त्याच आयआयटीचा प्राध्यापक गावात फुकट बोलायला आला की मुलाला म्हणतात, ‘कुठे जातोस? क्लास बुडेल.’

तेव्हा ज्या मंडळांना श्रोते मिळत नाहीत अशी तक्रार आहे (अशी मंडळं असतात, सभासदांचे जावईसुद्धा येत नाहीत), त्यांना माझी एक सूचना आहे. फलकावरचं ‘विनामूल्य’ पुसा आणि तिकीट पाचशे रुपये ठेवा. एकही विकू नका, फक्त छापा. मग पास वाटायला घ्या. आठवड्याभरात नगरसेवकांच्या कार्यालयातून फोन येईल की साहेबांना चाळीस पास पाहिजेत. बँकेचे मॅनेजर मागतील. ज्यांना व्याख्यान या प्रकाराची ॲलर्जी आहे ते व्याही ‘आपल्या ओळखीने दोन होतील का?’ म्हणून घरी येतील, येताना चितळ्यांची बाकरवडी आणतील. त्या संध्याकाळी साडेपाचलाच दारात गर्दी होईल, पास न मिळालेले पास मिळालेल्यांशी भांडतील, स्वयंसेवकांची कॉलर धरली जाईल. आणि त्या रेटारेटीत कुणीतरी शेजारच्याला विचारील, ‘पण काय हो, बोलणार कोण आहे?’