स्टेपनी सोडून सगळं

गाडीत काय काय बाळगावं याबद्दल इंग्लंडचा कायदा फारसा बोलत नाही. विमा असावा, लायसन असावं, काच पुसायच्या टाकीत पाणी असावं. पुढचं तुम्ही आणि तुमचं नशीब. त्रिकोण सक्तीचा नाही, जाकीट सक्तीचं नाही, मलमपट्टीचा डबा सक्तीचा नाही. एक छत्री आणि दहा किलो तांदळाची पिशवी एवढ्या डिकीवर मी तिथं आठ वर्षं सुखानं गाडी चालवली. पण डोव्हरहून बोटीत बसून खाडी ओलांडली की पलीकडच्या देशांना तुमच्या डिकीत डोकावायची भारी हौस.

२०१२ च्या जुलैत साताऱ्याहून आई आणि आबा आले होते. आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली हे त्यांचं रोजचं अंगण. बेत असा होता, की डोव्हरहून कॅले, तिथून जर्मनीत फ्रायबुर्गला माझ्या बायकोच्या, मीनलच्या मावसभावाकडे, आणि मग आईला बर्फ दाखवायला स्वित्झर्लंड.

मीनलनं यादी केली. त्रिकोण एक. भडक पिवळी जाकिटं चार. हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्या. मागं लावायला 'जीबी' अक्षरांचा स्टिकर. मलमपट्टीचा डबा. फुंकनळ्या दोन. आबांनी चष्मा चढवून यादी वरून खाली आणि खालून वर वाचली.

"ह्यात स्टेपनी कुठाय?"

"ती सक्तीची नाही, आबा."

"सक्तीची न्हाई? आरं, गाडी सक्तीवर चालती का चाकावर?"

मग मला कबूल करावं लागलं, की आपल्या गाडीत स्टेपनीच नाही. कंपनीनं त्या जागी एक फेसाची बाटली आणि खेळण्यातला वाटावा असा पंप दिलाय. आबा डिकीचा तळ उचलून त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. एखाद्या घरात देव्हाऱ्यात देवाऐवजी पावडरचा डबा दिसावा, तसे.

खरं तर स्टेपनी हा शब्द विलायतेतलाच. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादाचं चाक बनवणारे लोक निघाले आणि त्यांच्या चाकाला त्या रस्त्याचंच नाव पडलं. इंग्रज तो शब्दही विसरले आणि आता ते चाकही विसरत चाललेत. आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या टपरीवर दोन्ही जिवंत आहेत. गॅरेजमध्ये जाऊन मी एकदा "स्टेपनी आहे का?" असं विचारलं, तर समोरच्यानं मला लंडनच्या त्या नावाच्या भागात जायला कुठली ट्यूब पकडायची ते सांगितलं.

यादीतली सर्वांत थोर वस्तू म्हणजे फुंकनळी. गाडीत दारू तपासायची नळी बाळगलीच पाहिजे, असा नियम फ्रान्सनं नेमका त्याच महिन्याच्या १ तारखेपासून केला होता. तीही एकदाच वापरायची. म्हणजे आपण प्यायलेलो नाही ना, हे तुम्ही प्रामाणिकपणे फुंकून बघितलंत, खात्री करून गाडीत बसलात, की झालात गुन्हेगार; कारण न वापरलेली नळी आता तुमच्याकडे नाही! म्हणून सगळे जाणकार सांगत होते, दोन घ्या. मी तीन घेतल्या. तिसरी आबांनी आदल्या रात्री फोडली.

आबा माळकरी. पण माळ घातली ती निवृत्तीनंतर. त्याआधीच्या मुक्कामी गाड्यांबद्दल आईच्या मनात चाळीस वर्षं एक प्रश्न पडून होता. आबांनी जेवणानंतर पिशवी फुगवली, नळी तिला लावली आणि आम्ही सगळे त्या पिवळ्या खड्यांकडे बघत बसलो. हिरवे झाले तर प्यायलेला. पाच मिनिटं गेली. पिवळे ते पिवळेच. आईनं नळी हातात घेतली, दिव्याखाली धरून दोनदा बघितली आणि पदराला पुसून पर्समध्ये टाकली. उशिरा का होईना, सरकारी कागद मिळाल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

डोव्हरला बोटीच्या रांगेत हेडलाइटच्या पट्ट्या लावायला घेतल्या. इंग्लंडात गाडी डावीकडून चालते, त्यामुळं डिपरचा झोत किंचित डावीकडे, रस्त्याच्या कडेला पडतो. तीच गाडी उजवीकडून चालवली की तोच झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. तो अडवायला काचेवर ठरलेल्या जागी ठरलेल्या कोनात पट्टी चिकटवायची. सोबत नकाशा, त्यात शंभर गाड्यांची चित्रं, आपली सोडून. बारीक पाऊस. मी ओणवा होऊन फूटपट्टीनं मोजतोय आणि आबा पाठीशी उभे.

"एवढं गणित कशाला? आमच्या येळेला हेडलाइटच्या मधी एक काळा ठिपका लावायचे. समोरच्याचं डोळं बी दिपत न्हवतं आन् गाडीला दिष्ट बी लागत न्हवती."

फ्रान्समध्ये काही वस्तू असायलाच हव्यात, तशा काही असताच कामा नयेत. पुढं वेगाचा कॅमेरा आहे असं सांगणारं यंत्र तिथं चालत नाही. रस्ता दाखवणाऱ्या यंत्रातली ती सूचनाही त्याच वर्षी जानेवारीपासून बेकायदा ठरली होती. दंड दीड हजार युरोपर्यंत. मी ती बंद केली. आबांना हे पटलं नाही. पुढं आरटीओ उभा असेल तर समोरून येणाऱ्याला लाइट मारून सांगावं, याला ते अजूनही माणुसकी म्हणतात.

कॅलेहून रँसकडे जाणाऱ्या ए-२६ महामार्गाला फ्रेंच लोक 'इंग्रजांचा महामार्ग' म्हणतात. इंग्रज बोटीतून उतरतात आणि त्याच रस्त्यानं दक्षिणेकडे पळतात, म्हणून. त्या दिवशी त्यावरचे चार इंग्रज आम्ही होतो. सपाट शेतं, मोकळा रस्ता, मागं आबांचा हरिपाठ. आणि फाट् असा आवाज झाला. मी गाडी कशीबशी कडेच्या पट्टीवर घेतली. मागचं चाक बसलं होतं.

मी दार उघडणार, एवढ्यात मीनल ओरडली, "जाकीट!"

फ्रान्सचा नियम स्पष्ट आहे. महामार्गावर गाडी बंद पडली, तर जाकीट घातल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. दंड १३५ युरो. त्यासाठी जाकीट गाडीच्या आत, हाताशी ठेवायचं असतं. आमची चारही जाकिटं डिकीत होती. जाकीट काढायला बाहेर पडायला हवं आणि बाहेर पडायला जाकीट घालायला हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे मी शाळेत पाठ केलं होतं. फ्रान्सच्या गृहखात्यानं ते अंमलात आणलेलं बघायचा योग तेव्हा आला.

शेवटी मागची सीट अर्धी पाडली आणि त्या फटीतून आईनं हात घातला. आधी आली दशम्यांची पिशवी. मग शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. मग आबांचा लेंगा, थर्मास, एक नारळ (नारळ कशाला, हे मी विचारलं नाही) आणि सर्वांत खालून, चटणीचा वास लागलेली जाकिटं. कायद्याला एकच पुरतं, ड्रायव्हरचं. पण एकानं घालून तिघांनी उघडं उभं राहायचं, हे आमच्यात बसत नाही.

२००८ मध्ये फ्रान्सनं हे जाकीट सक्तीचं केलं, तेव्हा सरकारी जाहिरातीत कार्ल लागरफेल्ड हा मोठा फॅशनवाला ते घालून उभा होता. काळा सूट, काळा चष्मा, त्यावर हे पिवळं. जाकीट कुरूप आहे, कशावरही शोभत नाही, पण जीव वाचवतं, असं जाहिरातच सांगायची. कशावरही शोभत नाही, हे मात्र त्यांनी आईला न विचारता लिहिलं होतं. तिनं ते डाळिंबी इरकलीवर घातलं, पदर वरून घेतला आणि शिवण उलटून बघत म्हणाली, "दोरा कच्चा आहे. पण रंग चांगलाय."

आबा तोवर त्रिकोण काढून मागं निघाले होते. लेंगा, टोपी, पिवळं जाकीट, हातात त्रिकोण, आणि तोंडानं पावलं मोजणं चालू. घाटात गाडी बंद पडली की मागं चार धोंडे मांडायचे आणि झाडाची फांदी रोवायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एवढ्यात महामार्गाची गस्तीची गाडी आली आणि तिच्यातला माणूस दोन्ही हात हलवत धावला. आम्हाला सगळ्यांना त्यानं कठड्यापलीकडे गवतात नेऊन उभं केलं. तेव्हा कळलं, की त्रिकोण गाडीत हवाच. पण महामार्गावर तो मांडायला जाणं हे मरण ओढवून घेणं आहे, आणि जीव धोक्यात येत असेल तर मांडू नये असं त्यांचाच नियम सांगतो. इंग्लंडची नियमपुस्तिका तर महामार्गावर त्रिकोण कधीच वापरू नका, असं बजावते. म्हणजे बाळगायचा, पण मांडायचा नाही. आमच्याकडे पाहुण्यांसाठीचा चिनी मातीचा टी-सेट असाच होता.

फेसाची बाटली त्यानं टायरच्या कडेला पडलेल्या चिरेशी धरून दाखवली आणि मान हलवली. ती बाटली खिळ्याच्या भोकापुरती. दर दोन किलोमीटरवर असतो त्या नारिंगी फोनवरून टोचनगाडी मागवली. तीही त्यांनी नेमलेलीच येणार, दर सरकारनं ठरवलेला. तासभर आम्ही गवतात दशम्या खाल्ल्या. त्या माणसानंही एक खाल्ली. आबांनी त्याला खुणेनं जाकीट, त्रिकोण, नळ्या, डबा असं एकेक दाखवलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यातलं येक बी चाकाच्या जागी लावता येत न्हाई."

फ्रायबुर्गला मावसभावाच्या गाडीतला मलमपट्टीचा डबा आईनं उघडला. जर्मनीत तो सक्तीचा, आत काय असावं याचं ठरलेलं मानक, आणि पट्ट्यांना मुदत. पट्ट्या वीस प्रकारच्या, कात्री, हातमोजे, चंदेरी-सोनेरी चादर. औषध एकही नाही. गोळी नाही, मलम नाही, आयोडीन नाही.

"हा कसला औषधाचा डबा? नुसत्या चिंध्या आहेत," असं म्हणून आईनं त्यात ओव्याची पुडी, सुंठ, कैलास जीवन आणि अमृतांजन भरलं. एसटीत आबांच्या डोक्यामागच्या प्रथमोपचार पेटीतही घाटात उलटी होणाऱ्यांसाठी आवळासुपारी असायची. मावसभाऊ कळवळून सांगत होता, की इथं पोलीस डबा उघडून बघतात. आई म्हणाली, "बघू दे की. त्यांचंही डोकं दुखत असेल."

माझं मत असं, की देशाची धास्ती त्याच्या डिकीत दिसते. जर्मनांना रक्ताची भीती, फ्रेंचांना कुणाला न दिसण्याची. ग्रीसला आगीची, म्हणून तिथं आग विझवायचं नळकांडं लागतं. स्विसांना कसलीच भीती नाही. त्यांनी महामार्गावरून एकच दिवस जायचं असूनही वर्षभराचे चाळीस फ्रँक घेतले, काचेवर स्टिकर चिकटवला आणि डिकीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पुढच्या वर्षांत त्या यादीचं एकेक पान गळत गेलं. २०१३ च्या जानेवारीत फुंकनळीचा दंड बेमुदत पुढं ढकलला गेला, तोही अवघ्या ११ युरोंचा, आणि २०२० मध्ये नियमच रद्द झाला. २०२१ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी 'जीबी' पुसून 'यूके' केलं, म्हणून जुना स्टिकर खरवडून काढावा लागला. स्पेननं तर २०२६ पासून तिथल्या गाड्यांना त्रिकोणाऐवजी टपावर ठेवायचा लुकलुकता अंबर दिवा सक्तीचा केलाय. आबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे समदीच कलेक्टर झाली."

जाकिटांचं मात्र भाग्य उजळलं. २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या कराविरुद्ध फ्रान्समध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा प्रत्येकाच्या गाडीत सरकारनंच ठेवायला लावलेला गणवेश तयार होता. आईनं टीव्हीवर बघून साताऱ्याहून फोन केला, "आपल्यासारखी जाकिटं घालून माणसं का भांडताहेत? त्यांची पण स्टेपनी नव्हती का?"

आबांनी त्यांचं जाकीट तेव्हाच सोबत नेलं होतं. दर वर्षी वारीत पहाटे अंधारात दिंडी निघते, तेव्हा ते सर्वांत मागं ते घालून चालतात. मी पुढची गाडी घेताना जास्तीचे पैसे मोजून पाचवं चाक घेतलं आणि त्याचा फोटो त्यांना पाठवला.

राहिल्या दोन फुंकनळ्या. कोऱ्या, पाकीट न फोडलेल्या, फ्रेंच मानकाचा शिक्का असलेल्या, मुदत २०१४ मध्ये संपलेली. कुणाच्या घरी चाळीस वर्षांचा एखादा प्रश्न पडून असेल, तर कळवा. टपालखर्च माझा.