गच्चीवरच्या पिंपळास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. पिंपळ,
मुक्काम: पॅरापेटची ईशान्य फट,
सार्वजनिक बांधकाम उपविभागाचं कार्यालय.

विषय: शासकीय इमारतींच्या देखभालीचा दीर्घ मुदतीचा आराखडा आपणाकडून मिळणेबाबत.

महोदय,

या आवारात पुढच्या तीस वर्षांचा विचार करणारे आपण एकटेच आहात, म्हणून हा अर्ज आपल्याकडे. साहेब तीन वर्षांनी बदलतात. मंत्र्यांचा तेवढाही भरवसा नाही. दोषदायित्वाचा कालावधी संपला की ठेकेदार फोन उचलत नाही. आपण मात्र कावळ्याच्या विष्ठेतून रुजू झालात ते आजतागायत इथेच आहात, आणि सोयीच्या बदलीसाठी कुणाची चिठ्ठीही आणली नाहीत.

आपली कार्यपद्धती मी समोरच्या चहाच्या टपरीवरून पाहत आलो आहे. आधी केसाएवढं मूळ फटीत शिरतं. मुळामागून पाणी जातं. पाणी सळईला लागलं की ती गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटून स्लॅबचे पोपडे खाली बसलेल्या लिपिकाच्या फायलींवर पडतात. पहिल्या वर्षी हे थांबवायला एक माणूस, एक शिडी आणि घमेलंभर माल पुरला असता. विसाव्या वर्षी सल्लागार नेमावा लागतो. सल्लागाराचा अहवाल येईपर्यंत आपण आणखी वीतभर वाढलेले असता.

आपल्यावर कारवाई झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. मंत्रिमहोदय येणार होते तेव्हा आपला शेंडा छाटला आणि भिंतीला रंग दिला, तोही बाहेरून. मूळ आत तसंच राहिलं. मूळ काढायचं तर गिलावा फोडायला हवा, त्याला अंदाजपत्रक हवं, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. हे सगळं जमेपर्यंत पावसाळा सरतो, आणि पावसाळा सरला की छत गळायचं थांबतं, त्यामुळे दुरुस्तीची निकड नाही असा शेरा पडतो. एवढ्यातून प्रकरण पुढे सरकलंच, तर पिंपळाला कुऱ्हाड लावायला गडी मिळत नाही. मुंजाचं भय आहे ना! खात्याच्या दक्षता पथकाचं असं भय कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही.

पैशाचं म्हणाल तर अर्थसंकल्पात दोन लेखाशीर्षं आहेत. 2059 महसुली खर्चाचं, त्यात देखभाल-दुरुस्ती येते. 4059 भांडवली खर्चाचं, त्यात नवं बांधकाम. दुसऱ्याला कोनशिला असते, नारळ असतो, फीत असते. पहिल्यात गच्चीवरच्या पन्हळी साफ होतात, आणि साफ केलेल्या पन्हळीचं लोकार्पण कुठल्याही पालकमंत्र्याने केलेलं मी पाहिलेलं नाही. शिवाय पन्हळ पुरेशी वर्षं तुंबू दिली की इमारत आपसूक धोकादायक ठरते आणि काम 2059 मधून 4059 मध्ये बढतीवर जातं. मुंबईत नव्वदच्या दशकात उभं राहिलेलं मनोरा आमदार निवास साधारण पाव शतकात छतं कोसळून पाडण्यापर्यंत आलं. तिथे खुद्द आमदार राहत होते. तालुक्याच्या दवाखान्याने मग कुठल्या तोंडाने तक्रार करावी?

गंमत अशी की हे सगळं सरकारला कळतं. आमच्या सोसायटीला कळायला लावलं ते सरकारनेच. आदर्श उपविधींप्रमाणे आम्ही बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात दरवर्षी भरतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, तिशी उलटली की तीन वर्षांतून एकदा. आमच्या सेक्रेटरीने एकदा ते लांबवलं तर सभेत काय रणकंदन झालं, सांगत बसत नाही. हाच पाऊण टक्का राज्यातली प्रत्येक शाळा, कचेरी, पूल आणि विश्रामगृह यांच्या नावाने दरवर्षी बाजूला पडला आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, तर आपल्या जमातीवर उपासमारीची वेळ येईल. काळजी नसावी, तसं काही घडत नाहीये.

पाहणी मात्र होते, बरं का. महाडजवळचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2016 च्या उन्हाळ्यात पाहून ठीक ठरवला होता. त्याच वर्षी 2 ऑगस्टच्या रात्री तो दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. त्याच ठिकाणी नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला, म्हणजे वेगात आम्ही कुणाला हार जात नाही. सीएसएमटीजवळचा पादचारी पूल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीवर पास झाला. वर्षही उलटलं नव्हतं तोवर, 14 मार्च 2019 ला, तो भर रस्त्यावर कोसळला. कुंडमळ्याच्या पुलाजवळ तर धोक्याचा फलक होता, नव्या पुलाला पैसेही मंजूर होते. जून 2025 मधल्या एका रविवारी जुना पूल माणसांसकट इंद्रायणीत गेला. याबाबत आपल्याला हसवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तरी आपला आराखडा दोन प्रतींत द्यावा ही विनंती. कुठली फट, कुठलं साल, किती इंच, एवढं नोंदवलंत तरी पुरे. इमारतीचा तेवढा इतिहास इथे दुसऱ्या कुणाकडे नाही. एक प्रत बारनिशीत द्यावी आणि पोच घ्यावी. दुसरी अभिलेख कक्षात इमारतींच्या नोंदवहीला जोडायची आहे. ती खोली आपल्या बरोबर खाली येते. नोंदवही भिजून तिची पानं एकमेकांना चिकटली आहेत, म्हणून शिपाई तिला हात लावत नाही. आपली मुळं तिथवर पोचली असतीलच, तर ही प्रत आपणच परस्पर लावून घ्यावी.

कळावे,
आपला,
दाखल्याच्या रांगेत निळ्या ताडपत्रीखाली उभा असलेला एक अर्जदार