खोक्यावरचे ६४००

एप्सनच्या व्ही८५० स्कॅनरचं रिझोल्यूशन ६४०० डीपीआय सांगितलं जातं, आणि मीडियम फॉरमॅटवाली मंडळी त्या आकड्यावर भाळतात. सेन्सर तितके बिंदू टिपतो, हे खरं. पण भिंगाला तेवढं बारीक दिसत नाही. टेस्ट चार्ट ठेवून तपासणाऱ्यांच्या हाती २३०० ते २६००च्या आसपासच तपशील लागतो. फोर बाय फाइव्हची निगेटिव्ह १६ बिट रंगात ६४००वर स्कॅन केली, तर चार जीबीच्या वरची फाइल होते आणि तिच्यात २४००च्या फाइलपेक्षा फारसं जास्त काही सापडत नाही. ग्राहकाला हे विकतानाच सांगायला हवं.

तरीही मोठ्या फिल्मसाठी मी फ्लॅटबेडच सुचवेन. सिक्स बाय सिक्सची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची. २४०० डीपीआयवर तिच्या एका बाजूला सुमारे ५३०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने साडेसतरा इंचांची प्रिंट. फोर बाय फाइव्हची प्रिंट ३० बाय ३८ इंचांपर्यंत जाते. ३५ एमएमची गाडी मात्र याच हिशेबाने अकरा इंचांवर अडते. व्ही६०० स्वस्त पडतो, पण त्याच्या झाकणातला दिवा १२०च्या पट्टीपुरताच आहे. फोर बाय फाइव्हची शीट त्यात एका दमात बसत नाही.

पैसा खर्चायचा तो होल्डरवर. १२०ची फिल्म वाळली की कमानीसारखी वाकते आणि या स्कॅनरचा फोकस ठरलेला असतो. उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी दाणा विरघळतो. सपाट व्हावी म्हणून फिल्म थेट काचेवर दाबली, तर न्यूटन रिंग उमटतात. उंची बदलता येणारा होल्डर आणि अँटी-न्यूटन काच घ्या. महाग मॉडेलपेक्षा याने जास्त फरक पडतो.

‘डिजिटल आइस’ धूळ पुसतं म्हणून जादा पैसे मागितले, तर आधी आपल्याकडची फिल्म पाहा. ते इन्फ्रारेडवर चालतं आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंचे गठ्ठे बहुतेक अशाच निगेटिव्हचे आहेत. तिथे ब्लोअर आणि मऊ ब्रशच कामाला येतो.

निकॉनचा कूलस्कॅन ९००० आजही मोह घालतो. खरी ४००० डीपीआय देणारं सुंदर यंत्र, पण बंद होऊन बरीच वर्षं झाली. ते फायरवायरवर चालतं, निकॉनचं सॉफ्टवेअर आजच्या संगणकांवर चालत नाही, सुटे भाग मिळणं मुश्कील, आणि फोर बाय फाइव्ह त्यात शिरतच नाही. कुणाची उपजीविका त्यावर अवलंबून असेल, तर मी तरी घ्या म्हणणार नाही.

मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्यानं स्कॅन करणं वेगवान आहे, पण हिशेब करा: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून चौरस चौकटीच्या वाट्याला ४००० बाय ४००० येतात, फ्लॅटबेडपेक्षा कमी. तुकडे टिपून जोडलेत तरच तो पुढे जातो. ड्रम स्कॅनची गरज मुख्यतः गडद सावल्यांच्या स्लाइडला लागते. निगेटिव्हची घनता तितकी चढत नाही, त्यामुळे एखादीच निवडक चौकट बाहेरून करून घेतली की भागतं.

स्कॅनर घेण्याआधी आपलीच एक निगेटिव्ह बरोबर न्या. २४००वर स्कॅन करायला लावा आणि मधला भाग व चारही कोपरे शंभर टक्क्यांवर उघडून दाणा पाहा. कोपऱ्यात तो पुसट असेल, तर होल्डर बदलून तिथेच पुन्हा स्कॅन करायला सांगा.