बॅशराव

बॅशरावांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक आहे. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन बसवून देणारी त्यांची एक स्क्रिप्ट आहे, ती बॅशमध्ये लिहिलेली आहे, आणि ऑफिसातली पोरं नावं ठेवण्यात पटाईत आहेत.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे वाड्यातला पोटभाडेकरू. त्याला वाटतं सगळा वाडा आपलाच. नळ आणि वीज मात्र मूळ मालकाची. २००७ साली केव्हीएम थेट लिनक्सच्या कर्नलमध्येच आलं, तेव्हापासून असे पोटभाडेकरू ठेवायची सोय घरातच झाली. ‘त्यात काय अवघड?’ असं म्हणत बॅशरावांनी एका रविवारी, पोहे होईपर्यंत, सहा ओळी खरडल्या. हेतू एवढाच, की दर वेळी जाणारी दहा मिनिटं वाचावीत. आज स्क्रिप्ट अकराशे ओळींची आहे. काम अजून त्याच सहा ओळी करतात. उरलेल्या चौकशा करतात.

चौकशा लग्न जुळवणाऱ्या आत्याबाईंच्या थाटाच्या. घराणं डेबियनचं की फेडोराचं? प्रोसेसर इंटेल की एएमडी? डिस्कवर जागा किती? आणि काही कमी पडलं तर स्क्रिप्ट जे बोलते, ते वाचून ती कुठल्या पेठेत वाढली हे सांगावं लागत नाही.

‘रूट म्हणून चालवावी. का, ते विचारू नये.’

‘इंटेलवाल्यांकडे व्हीएमएक्स आणि एएमडीवाल्यांकडे एसव्हीएम दिसले पाहिजे. न दिसल्यास बायोसमध्ये जाऊन चालू करावे. आम्ही येणार नाही.’

‘लिब्व्हर्ट गटात आपले नाव घातले आहे. एकदा लॉगआउट होऊन परत यावे. लगेच चालत नाही म्हणून ओरडू नये.’

ही शेवटची पाटी मला उद्देशून आहे. मी ओरडलो होतो.

बॅशरावांचं खरं दुखणं म्हणजे पॅकेजांची नावं. ‘लिब्व्हर्ट-बिन’ नावाचं एक पॅकेज सुखानं नांदत होतं. त्याची वाटणी होऊन डीमन वेगळा आणि क्लायंट वेगळे, अशा दोन चुली झाल्या. गटाचं नाव जुन्या उबुंटूत ‘लिब्व्हर्टडी’ होतं, त्यातला ‘डी’ पुढे गळला. एका ‘डी’पायी त्यांनी एक अख्खी दिवाळी घालवली, असं वहिनी सांगतात. ते स्वतः ‘अर्धी’ म्हणतात. स्क्रिप्टमध्ये त्या जागी टीप आहे : ‘हे का चालते ठाऊक नाही. हात लावू नये.’ खाली तारीख आणि सही. टिपेखाली सही करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

केव्हीएमपुरतं भागलं असतं, पण साहेबांना व्हर्च्युअलबॉक्सही हवा. त्याचं मोड्यूल कर्नलच्या घरचं नव्हे, बाहेरचं. कर्नल बदलला की ते पुन्हा बांधावं लागतं. ते काम डीकेएमएस आपण होऊन करतं, पण कर्नलचे हेडर हजर असले तर. त्यात कर्नल ६.१२ पासून नवाच खेळ. केव्हीएमचं मोड्यूल चढलं, की एकही मशीन चालू नसताना प्रोसेसरमधली ती सोय धरून बसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं. मागून चढलेला व्हर्च्युअलबॉक्स दांड्याला धरून उभा! बूट करताना एक सूचना दिली की रुमाल उचलला जातो. ती सूचना सापडली तेव्हा बॅशरावांनी सगळ्या मजल्याला बाकरवडी वाटली. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ते कधी नव्हे ते रजा घेऊन कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले. रांगेतच फोन वाजला. नवी आलेली मुलगी रडकुंडीला आली होती.

“सर, सगळं नीट झालं, रीस्टार्टही केलं, पण व्हर्च्युअलबॉक्सचं मोड्यूलच चढत नाही.”

“सिक्युअर बूट चालू आहे?”

“आहे. तुमच्या स्क्रिप्टनं किल्ली करून सहीपण केली.”

“मग रीस्टार्टनंतर निळा पडदा आला असेल. तिथे ती किल्ली मंजूर करायची असते.”

“निळा पडदा? नाही आला, सर.”

बॅशराव क्षणभर थांबले. तो पडदा दहा सेकंद वाट पाहतो. कोणी कळ दाबली नाही, तर गुपचूप पुढे जातो.

“रीस्टार्ट करून चहाला गेली होतीस का गं?”

पलीकडे शांतता.

“कॉफीला,” ती म्हणाली.

दर्शन होऊन ते धर्मशाळेत परतले आणि जेवणाआधी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढली : ‘रीस्टार्टनंतर दहा सेकंद जागचे हलू नये. चहा नंतर घ्यावा. कॉफीसही हाच नियम.’