जामाचे शिफ्ट इन्चार्ज

भिलाई स्टील प्लांटमधून साठीला निवृत्त झालेला, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून बोरसीत घर बांधलेला मराठी माणूस आधी थोडे दिवस देवधर्म करून पाहतो. मग एका पावसाळ्यात अंगणातल्या जामात, म्हणजे पुणेकरांच्या पेरूत, त्याला अळी सापडते आणि निवृत्ती संपते.

असे एक काका इथल्या गल्लीगल्लीत आहेत. सकाळी सहाला, फर्स्ट शिफ्टच्या ठोक्याला, ते झाडाखाली हजर. अंगात प्लांटची जुनी खाकी, पाठीवर फवारणीचा पंप, खिशात डायरी. पडलेली फळं किती, डागी किती, संशयित किती, सगळी नोंद. झाड एकच, पण कागदपत्रं ब्लास्ट फर्नेसची.

"फळमाशी सालीखाली अंडी घालते. वरून टाचणीएवढा टिपका दिसतो, बस्. अळी आतच पोसते, फळ गळलं का मातीत शिरून कोष करते. म्हणून गळलेलं फळ त्याच दिवशी खोल पुरायचं न् झाडाखालची माती उकरायची." हे ते सिलिंडर आणणाऱ्या पोरालाही ऐकवतात. सिलिंडर पोराच्या खांद्यावरच असतो.

मग सापळा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला भोकं, आत मिथाइल युजेनॉलचा बोळा. या वासाला फक्त नर भुलतात आणि बाटलीत मरतात. नरच उरले नाहीत तर माद्यांची अंडी फळणार कशी, असा हिशेब. काकूंनी तो पोळ्या लाटता लाटता ऐकला. "बाटलीच्या वासानं नरच धावतात, हे सांगाले शास्त्रज्ञ कायले पाह्यजे?"

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची शीट दिसली म्हणून काका पुसायला गेले, तर शीट चालू लागली. लिंबू फुलपाखराची अळी लहानपणी अशीच दिसते. पुढे हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. काका तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "असाच एक आमच्या सेक्शनमंधी होता," एवढंच म्हणाले.

मग खोडाला बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट. तिचं प्रमाण पुस्तकात 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी असं दिलेलं. प्रमाण म्हणजे प्रमाण! बादलीभर पेस्ट जामाच्या खोडाला लावून संपेना, तेव्हा शेजाऱ्यांची झाडं रंगली, मग फाटकाचे खांब. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे शेतकरी हे मिश्रण आधी रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांना भिववायला शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे 1882 च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. हे वाचल्यापासून काकांच्या डायरीत किडींच्या रकान्यात गल्लीतली पोरंही आहेत. उपद्रव: तीव्र. वेळ: शाळा सुटल्यावर.

खरे हाल हिवाळ्यात. थंडीत फळमाशी मंदावते, मृग बहराची फळं गोड आणि स्वच्छ निघतात. घरचे मीठ-तिखट लावून खातात. काका मात्र एकेक फोड उजेडात धरून पाहतात आणि खाली ठेवतात. जेवण कमी होतं. डायरीत 'निरंक' लिहिताना हात जड होतो.

शेवटी शेजारच्या आंब्याला मोहर येतो, मोहरावर तुडतुडे येतात, आणि शेजारी झोपेतून उठायच्या आत काकांनी कुंपणाला शिडी लावलेली असते.